विधी महाविद्यालयाचे परीक्षण: प्रवेशाआधी काय पाहावे

विधी महाविद्यालयात प्रवेश घ्यावा का, हा प्रश्न मला इतक्यांनी आणि इतक्या वेळा विचारला आहे की, प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर परीक्षण लिहून ठेवावे असे अखेर ठरवले. मी हे शिक्षण पुरे केले, त्यानंतर काही वर्षे वकिली केली आणि आता करारांचे मसुदे करण्याचे व तपासण्याचे काम करतो. आयुष्यातील काही वर्षे आणि बरेच पैसे मोजून घेतलेली एक सेवा म्हणूनच मी येथे या शिक्षणाकडे पाहणार आहे. मत आधीच सांगून टाकतो. वाचायला शिकवण्याच्या कामात ही सेवा फार चांगली आहे, लिहायला शिकवण्याच्या कामात ती हात आखडता घेते, आणि पदवीनंतर काय होते हे सांगताना तिची माहितीपत्रके दावा दाखल करणाऱ्या वकिलासारखी बोलतात, म्हणजे सोयीचे तेवढेच मांडतात.

वाचायला शिकवते म्हणजे काय, हे पहिल्याच आठवड्यातल्या एका तासावरून सांगता येईल. विषय अपकृत्य कायद्याचा, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचे नुकसान केल्याबद्दल भरपाई मागण्याच्या कायद्याचा होता आणि वाचून येण्यासाठी दिलेला खटला होता डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन. इंग्रजी परंपरेतला कायदा शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला तो येतोच. ऑगस्ट १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील पेझ्ली येथील एका कॅफेत मैत्रिणीने विकत घेऊन दिलेली जिंजर बिअर डोनोह्यूबाई प्यायल्या, आणि उरलेली ओतताना गडद, अपारदर्शक बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे त्यांचे म्हणणे होते. बाटलीचे पैसे त्यांनी दिलेले नसल्यामुळे कॅफेमालकाशी त्यांचा करार झालेला नव्हता. म्हणून त्यांनी थेट उत्पादकावरच दावा लावला, आणि मे १९३२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी असे ठरवले की, ज्या मालाची मधल्या कोणी तपासणी करण्याची शक्यता नाही असा माल बाजारात पाठवणाऱ्या उत्पादकावर अंतिम ग्राहकाप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य असते.

प्राध्यापक वर्गात आले, हजेरी झाली आणि त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारले, “बाटलीत गोगलगाय होती का?” तो हसून “होती, सर” म्हणाला. “असे कोणत्या न्यायालयाने ठरवले?” यावर त्याने पाने उलटली, मग शेजारच्याने उलटली, आणि थोड्याच वेळात वर्गभर पाने उलटण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. कुठल्याच न्यायालयाने तसे ठरवलेले नव्हते. हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रश्न इतकाच होता की, वादीचे सगळे म्हणणे खरे धरले तर कायद्याने तिचा दावा उभा राहतो की नाही; पुरावा तोवर नोंदवलाच गेला नव्हता. पुराव्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेले, पण तो घेतला जाण्यापूर्वीच स्टीव्हन्सन मरण पावले आणि वाद तडजोडीने मिटला. त्यामुळे कायद्याच्या इतिहासातील ही सर्वांत प्रसिद्ध गोगलगाय खरोखर होती की नव्हती, यावर न्यायालयाचा शिक्का आजतागायत नाही. आम्ही सर्वांनी ते निकालपत्र वाचले होते, काहींनी तर दोनदा वाचले होते, आणि तरीही आरोप आणि सिद्ध झालेली वस्तुस्थिती यांतला फरक आमच्या डोळ्यांखालून निसटला होता.

पुढची सगळी वर्षे हेच काम निरनिराळ्या विषयांच्या नावाखाली चालते, असे म्हटले तरी चालेल. कोण म्हणाले, कोणत्या टप्प्यावर म्हणाले, ते बोलणे निकालाला आवश्यक होते की ओघात आले, हे प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून विचारायची सवय हळूहळू अंगवळणी पडते. सुरुवातीला वाचनाचा वेग अपमानास्पद वाटावा इतका मंदावतो. कादंबरी रात्रीत संपवणारी माणसे दहा पानांच्या निकालपत्रावर अख्खी संध्याकाळ घालवतात. एकाच प्रकरणात प्रत्येक न्यायाधीशाने आपापले स्वतंत्र मत लिहिले असेल, तर न्यायालयाने नेमके काय ठरवले हे शोधणे हाच एक वेगळा उद्योग होतो. भारतातील १९७३ चा केशवानंद भारती खटला हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे: १३ न्यायाधीशांचे पीठ, ११ स्वतंत्र निकालपत्रे आणि ७ विरुद्ध ६ असा निर्णय. शेकडो पानांतून ‘बहुमताचे म्हणणे’ वेगळे काढताना विद्यार्थ्याला पहिल्यांदा कळते की सारांशाच्या पुस्तकात जे एका ओळीत सापडते, ती ओळसुद्धा कोणाच्या तरी वाचनाचे फलित असते आणि ते वाचन चुकलेलेही असू शकते. अधिनियमांचे वाचन तर आणखी कोरडे असते. कलमाखालचे परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारा ‘परंतु’चा भाग, त्याखालचे स्पष्टीकरण, व्याख्येच्या कलमातले ‘संदर्भावरून अन्यथा अभिप्रेत नसेल तर’ हे शब्द, या सगळ्यांतून न कंटाळता जाता आले पाहिजे. भाषणे छान करतो म्हणून कायद्याकडे वळणाऱ्यांची येथे सर्वांत मोठी निराशा होते, कारण या शिक्षणात बोलण्यापेक्षा वाचण्यात घालवलेले तास कितीतरी अधिक असतात.

सगळीकडे शिकवण्याची पद्धत सारखी नसते, आणि प्रवेशापूर्वी हे तपासणारे विद्यार्थी मला फारच थोडे भेटले आहेत. व्याख्यानाऐवजी निकालपत्रे वाचायला लावून त्यांवर प्रश्न विचारण्याची पद्धत हार्वर्डमध्ये १८७० नंतर क्रिस्टोफर लँगडेल यांनी रुजवली, आणि अमेरिकेतील शिक्षण आजही बऱ्याच अंशी तिच्यावर उभे आहे. संहितेवर आधारलेल्या युरोपीय परंपरेत मोठमोठी व्याख्याने असतात, भर तत्त्वांच्या पद्धतशीर मांडणीवर असतो आणि प्रत्येक प्रश्न ठरावीक पायऱ्यांनी सोडवण्याची शिस्त असते. या दोहोंपैकी अमुकच श्रेष्ठ असे मला वाटत नाही. मात्र चार लोकांत प्रश्न विचारला की ज्याला घाम फुटतो, त्याने प्रश्नोत्तरांच्या वर्गात जाण्यापूर्वी मनाची तयारी करावी; आणि ज्याला संवादाशिवाय झोप येते, त्याने पाचशे जणांच्या सभागृहातील व्याख्यानांचा विचार दोनदा करावा. प्रश्नोत्तरांच्या नावाखाली विद्यार्थ्याला घाबरवणारे शिक्षकही असतात. आमच्याकडे असे एक होते, आणि त्यांच्या तासाला आम्ही कायद्यापेक्षा खाली मान घालून बसण्याची कला अधिक शिकलो.

आता सनदेविषयी, कारण येथे झालेली चूक नंतर दुरुस्त करणे सर्वांत अवघड जाते. पदवी विद्यापीठ देते. वकिली करण्याचा परवाना दुसरीच कोणी संस्था देते, आणि या दोहोंमधील अंतर प्रत्येक देशात वेगळे असते. भारतात वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलने मान्यता दिलेल्या संस्थेची पदवी लागते, राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षाही आहे. अमेरिकेत आधी कोणतीही पदवी, मग साधारणपणे ३ वर्षांचे लॉ स्कूल आणि त्यानंतर ज्या राज्यात काम करायचे त्या राज्याची बार परीक्षा असा मार्ग आहे. पण कॅलिफोर्निया, व्हरमाँट, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन या राज्यांत वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या हाताखाली शिकूनही त्या परीक्षेला बसता येते. इंग्लंड-वेल्समध्ये सॉलिसिटर, म्हणजे मुख्यतः न्यायालयाबाहेरचे काम पाहणारा वकील, होण्यासाठी २०२१ पासून नवी परीक्षा आली, आणि तिच्यासाठी कायद्याचीच पदवी हवी अशी अट नाही. मात्र २ वर्षांचा पात्र कामाचा अनुभव दाखवावा लागतो. जर्मनीत पहिल्या परीक्षेनंतर न्यायालये, सरकारी वकील आणि वकिलांची कार्यालये अशी सुमारे २ वर्षांची उमेदवारी आणि मग दुसरी राज्य परीक्षा द्यावी लागते, आणि नापास झाल्यास साधारणतः एकदाच पुन्हा बसायला मिळते. अर्थात, एका देशातील पदवी घेऊन दुसऱ्या देशातील न्यायालयात उभे राहता येईल असे गृहीत धरणे म्हणजे एका शहराच्या बसचा पास दुसऱ्या शहरात दाखवण्यासारखे आहे. काही ठिकाणी तो चालतो, काही ठिकाणी फरक भरून चालतो आणि बहुतेक ठिकाणी उतरवून देतात.

नियम कागदावर नीट असले तरी आकडे फसवू शकतात, हे जपानच्या अनुभवावरून दिसते. तेथे २००४ मध्ये अमेरिकी धर्तीवर पदव्युत्तर विधी विद्यालये सुरू झाली आणि त्यांची संख्या ७४ पर्यंत गेली. पदवीधरांपैकी ७० ते ८० टक्के विद्यार्थी राष्ट्रीय बार परीक्षा उत्तीर्ण होतील, अशी सुधारणेमागची अपेक्षा होती. २००६ च्या पहिल्या नव्या परीक्षेत हे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास राहिले आणि पुढच्या काही वर्षांत २५ टक्क्यांच्याही खाली घसरले. त्यात सुरुवातीला ५ वर्षांत ३ वेळाच परीक्षेला बसण्याची मुभा होती. पुढे निम्म्याहून अधिक विद्यालयांनी नवे विद्यार्थी घेणे थांबवले. त्या विद्यालयांत शिकवणे वाईट होते असे यावरून सिद्ध होत नाही. जागा किती आणि सनदा किती, हे गणित प्रवेश घेणाऱ्याने स्वतः मांडायला हवे होते, कारण प्रवेश देणाऱ्याला ते मांडण्यात फारसा रस नव्हता.

नोकऱ्यांच्या आकड्यांचेही तेच. ‘९० टक्के विद्यार्थ्यांना काम मिळाले’ असे वाक्य दिसले की, गोगलगायीचा तास आठवावा आणि विचारावे: कोणते काम, कधीपर्यंत मिळालेले, पूर्ण वेळ की अर्धवेळ, सनद लागणारे की न लागणारे, आणि ज्यांनी उत्तरच दिले नाही ते विद्यार्थी कुठल्या रकान्यात गेले? अमेरिकेत २०११ आणि २०१२ च्या सुमारास पदवीधरांनी आपल्याच लॉ स्कूलांवर अशा आकड्यांवरून दावे लावले. कायद्याशी संबंध नसलेल्या नोकऱ्याही ‘रोजगार’ म्हणून मोजल्या, असा त्यांचा आरोप होता. त्यांपैकी बरेच दावे टिकले नाहीत, आणि सॅन डिएगोत ज्यूरीपुढे चाललेल्या एका दाव्यात २०१६ मध्ये निर्णय संस्थेच्या बाजूने लागला. पण त्या गदारोळानंतर तेथील माहिती देण्याचे नियम बरेच कडक झाले, आणि आता सनद आवश्यक असलेल्या, पूर्ण वेळ आणि दीर्घ मुदतीच्या नोकऱ्या वेगळ्या दाखवाव्या लागतात. जेथे असा नियम नाही तेथे विद्यार्थ्यानेच तो रकाना मागावा. मागितल्यावर कार्यालयात जी शांतता पसरते, तिचीही नोंद घ्यावी.

लिखाणाबाबत माझी तक्रार गंभीर आहे. वकिलाचे रोजचे काम म्हणजे नोटिसा, दावे, कैफियती, करार, मते आणि पत्रे लिहिणे. आणि आमच्या संपूर्ण अभ्यासक्रमात कोणीतरी ओळ न ओळ वाचून परत दिलेला माझा मजकूर मोजून एक होता. चार पानांचे ते टिपण होते. बाईंनी त्यात ‘साहजिकच’, ‘उघडच’ आणि ‘स्पष्टपणे’ हे शब्द जिथे जिथे होते तिथे लाल गोल केला होता आणि प्रत्येक गोलाशेजारी, समासात, एकच शब्द लिहिला होता: “कशावरून?” असे ११ वेळा. शेरा नाही, गुणही नाहीत. मी घरी येऊन ते शब्द काढून टाकले, तेव्हा त्यांतल्या सात ठिकाणी मागे काहीच उरले नाही, कारण तिथे पुरावा नव्हताच, नुसता आवाज चढवलेला होता. त्या चार पानांनी मला जे शिकवले ते पुढच्या कित्येक परीक्षांनी शिकवले नाही, आणि म्हणूनच राग येतो की असे टिपण पुन्हा कोणी मागितले नाही. बाकी सगळे सत्राअखेरच्या एका लेखी परीक्षेवर सोडलेले होते: काल्पनिक घटना द्यायची, विद्यार्थ्याने मुद्दा ओळखायचा, नियम सांगायचा, तो त्या घटनेला लावून दाखवायचा आणि निष्कर्ष काढायचा. ही चौकट उपयोगी आहे, परंतु उत्तरपत्रिका परत दाखवली जात नसेल तर आपण चारांपैकी कोणत्या पायरीवर घसरलो हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. बहुतेकजण तिसऱ्या पायरीवर घसरतात. नियम तोंडपाठ असतो, पण तो समोरच्या घटनेला लावताना ‘म्हणून’ एवढ्या एका शब्दावर पूल बांधलेला असतो.

अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे काल्पनिक खटला लढवण्याच्या, स्पर्धांचा माहितीपत्रकांतून फार गवगवा केला जातो. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील जेसप स्पर्धा १९६० पासून भरते आणि तिच्यात भाग घेणे निश्चितच अभिमानाचे आहे, पण अशा स्पर्धेत प्रत्येक संस्थेची मूठभर मुलेच उतरतात. करंडकांच्या कपाटापेक्षा, साध्या विद्यार्थ्याला वर्गातल्या वर्गात किती वेळा उभे राहून दोन्ही बाजू मांडायला मिळतात, हे विचारलेले बरे.

त्याउलट विद्यार्थी जिथे खऱ्या अशिलांना मदत करतात त्या विधी साहाय्य केंद्राबद्दल माहितीपत्रकात दोन ओळी असतात, आणि माझ्या मते संस्था निवडताना सर्वाधिक वजन त्यालाच द्यावे. आमच्या केंद्रात एकदा एक वृद्ध गृहस्थ कागदांनी भरलेली पिशवी घेऊन आले. त्यांना नोकरीवरून काढून टाकल्याचा आदेश जुना होता आणि अपिलाची मुदत टळून गेलेली दिसत होती. माझी सहाध्यायी आणि मी दोन तास ते कागद तारखांप्रमाणे लावत बसलो. आदेशाची तारीख बघून मी मनातल्या मनात प्रकरण संपवलेही होते. तिने मात्र ज्या पाकिटातून तो आदेश आला होता ते पाकीट उलटे केले. आदेशावरच्या तारखेपेक्षा त्यावरचा टपालाचा शिक्का कितीतरी नंतरचा होता, आणि लागू असलेल्या नियमाप्रमाणे मुदत आदेश हाती पडल्यापासून मोजायची होती. “काका, हे पाकीट फेकू नका,” एवढेच ती म्हणाली. त्या गृहस्थांनी ते पाकीट केवळ त्यामागे कोणाचा तरी फोन क्रमांक लिहिलेला होता म्हणून जपले होते. अशील काय आणतो, काय विसरतो आणि कशाला महत्त्वाचे मानतो, हे कोणत्याही छापील प्रश्नपत्रिकेत येत नाही.

गैरसोयींचा पाढा फार लांबवत नाही. श्रेणी एकमेकांच्या तुलनेत ठरत असतील तर ग्रंथालयातली पुस्तके लपवण्यापर्यंत मजल जाते. मोठ्या फर्ममधील नोकरी हीच एकमेव प्रतिष्ठेची वाट आहे असे वातावरण दुसऱ्या वर्षापासून तयार होते. आणि झोप, मनःस्वास्थ्य, मैत्री यांची किंमत नंतर कळते. संस्थेत समुपदेशक आहे का आणि त्याच्याकडे जाणाऱ्याचे नाव गुप्त राहते का, हे जरूर विचारावे. नवख्यांना छळण्याची खोड तर कायद्याच्या शिक्षणाइतकीच जुनी दिसते. सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये ५ वर्षांचा अभ्यासक्रम घालून दिला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘दोन पैशांचे’ अशा अर्थाच्या टोपणनावाने हाक मारणे बंद करून त्यांना आपले स्वतःचे नाव दिले आणि कॉन्स्टँटिनोपल व बैरूत येथे नवागतांची टवाळी करण्यास मनाई केली. सम्राटाला हुकूम काढावा लागला, यावरून प्रकार किती बोकाळला असेल ते समजावे.

संस्था पाहायला जायचे तर ‘ओपन डे’च्या, म्हणजे पाहुण्यांना संस्था दाखवण्यासाठी ठेवलेल्या दिवसाच्या, समारंभाला जाऊ नये. एखाद्या साध्या दिवशी, परवानगी घेऊन, मधल्या वर्षाच्या वर्गात मागे बसावे आणि प्रश्न कोण विचारते ते पाहावे. संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन खुर्च्या भरलेल्या आहेत का आणि विद्यार्थ्यांच्या पुढ्यात निकालपत्रे आहेत की गाइडे, हे बघावे. एखाद्या विद्यार्थ्याला त्याची तपासून परत मिळालेली शेवटची वही दाखवायला सांगावे. ती त्याच्याजवळ नसेल तर कारण विचारावे.

आणि हे शिक्षण आपल्यासाठी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कोणतीही कलचाचणी देण्याऐवजी तेच गोगलगायीचे निकालपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. त्यात विरोधी मत देणाऱ्या लॉर्ड बकमास्टर यांचे म्हणणे गाळू नये. ते हरले हे आपल्याला आधीच माहीत असते. तरीही मध्येच कुठेतरी त्यांचेच बरोबर वाटू लागले, मग बहुमताच्या बाजूने लिहिणारे लॉर्ड अ‍ॅटकिन वाचताना ते मत डळमळले आणि खात्री करून घेण्यासाठी आपण मागची पाने पुन्हा उघडली, तर सनदेचे नियम आणि शुल्काचा तक्ता समोर ठेवून अर्ज भरायला हरकत नाही. चौथ्या पानावर कोणी सारांश पाठवेल का असे वाटू लागले, तर तो अर्ज अजून काही दिवस कोराच राहू द्यावा.